पाण्यावर तीन ठिपके

हळदीच्या वखारीवरचा माळा भाड्यानं घेतला तेव्हा
सुकुमार म्हणाला, सांगलीत निदान एक रंग फुकट मिळेल.
खरंच मिळाला.
पेन्सिलीला, खोडरबराला, चहाच्या कपाच्या कानाला,
आणि आमच्या मगरीच्या पहिल्या सत्तावीस चित्रांना
एक पिवळी कड आली आहे, कुणी न काढलेली.

पहिला मसुदा: मगर शेरडू गिळते.
दुसरा: मगर शेरडू वाचवते.
तिसऱ्यात शेरडूच नव्हतं,
कारण पैसे घालणाऱ्यानं फोनवर सांगितलं,
अंगावरचे केस महाग पडतात, एक एक हलवायचा म्हणजे.
भिंतीवर टाचण्यांनी लावलेली गोष्ट
आम्ही रोज संध्याकाळी उतरवतो, पत्त्यांसारखी पिसतो,
परत लावतो.
मधलं एखादं पान हरवलं
तर कधी कधी ती सुधारते.

मगरीला भुवया नसतात.
अडचण ही आहे.
भुवई उचलली की शंका, जुळली की राग,
आतल्या टोकानं वर गेली की प्रेक्षकांत रुमाल निघतात.
आमचा अर्धा धंदा त्या दोन रेघांवर चालतो.
सुकुमारनं लांब पापण्या लावून पाहिल्या,
ती लग्नाला निघालेली मावशी दिसायला लागली.
मग मी जबडा आखूड केला, डोळे पुढं आणले,
पोटाला गोलाई दिली.
छान झाली. गोड. उशीवर छापण्याजोगी.
दोन दिवस तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

आणि भाषेनं तर आमच्याआधीच
तिची भूमिका वाटून टाकलेली:
नक्राश्रू. मगरमिठी.
रडली तर खोटी, कवेत घेतलं तर घात.
एवढं ठरलेलं असताना
गोष्ट लिहिणाऱ्यानं करायचं काय?

म्हणून भिलवडीला गेले.
गुंडा आंबी नावेतलं पाणी डब्यानं उपसत होता.
विचारलं, मामा, ती दिसायला कशी असती?
"असती म्हंजे? असतीच की."
बराच वेळ डब्याचा आवाज.
मग काठीनं चिखलात तीन टिंबं काढली,
दोन मागं, एक पुढं.
"एवढीच दिसती. बाकीची आपुनच काढायची,
रातच्याला, हातरुणात."
पुढच्या टिंबावर नखानं एक ओरखडा ओढला.
"हितं लागलंय तिला. डाव्या अंगाला."

वर्षभर मी जिला समोरून, कडेनं, पाठीमागून
दातांसकट फिरवत होते,
तिला त्यानं पाण्याखाली ठेवून पुरी केली.

परत आले. सगळी मगर पुसली.
एक आडवी रेघ ओढली: कृष्णा.
रेघेवर दोन डोळे आणि थोडं पुढं नाक.
राग आला की ठिपके थांबतात.
दुःख झालं की एकामागून एक बुडतात.
आनंदासाठी अजून काही सापडलेलं नाही,
सध्या ती नुसती वळते
आणि मागं पाण्याची वेलांटी उमटते.
पैसे घालणारा खूश, इतकी स्वस्त नायिका!
पाणी काढायला मगरीच्या तिप्पट दिवस लागतात
हे मी त्याला बोलले नाही.

गेल्या शनिवारी तिथल्या शाळेत
चार मिनिटांचा तुकडा दाखवला,
खिडक्यांना घोंगडी लावून.
पोरं गप्प. एकानं पाय वर घेतले बाकावर,
खाली साधी फरशी होती तरी.
मी अंधारात स्वतःलाच टाळी दिली.
दिवे लागल्यावर चौथीतली शमशाद उठली.
"चुकलंय बाई. आमची मगर
घाटाकडं तोंड करून थांबती.
हिचं तोंड उलटं हाय."

होतं उलटं.
मी डावरी. माझी नदी आपसूक
माझ्या हाताच्या सोयीनं वाहिली.

सुकुमार म्हणतो, आरसा लाव, एका बटणाचं काम.
लावला. नदी वळली, मगर वळली,
आणि ओरखडा उजव्या अंगाला गेला.
दिसतो केवढा? तिळाएवढा.
सुकुमार म्हणतो, कोण बघतंय.

खाली हमाल पोती मोजतायत.
मी पहिलं चित्र पुन्हा काढायला घेतलंय.